मॉडेल बोटीचा सर्व्हो निवडताना: आधी सुकाणू मोजा

‘सर्व्हो’ हा शब्द जन्मला तोच जहाजाच्या सुकाणूपाशी. एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजं इतकी मोठी झाली की नुसत्या हातांच्या बळावर सुकाणू वळवणं जड जाऊ लागलं. तेव्हा फ्रेंच अभियंते जोसेफ फार्को यांनी वाफेवर चालणारी एक यंत्रणा बसवली. सुकाणूदाराने चाक जितकं फिरवावं तितकंच सुकाणू वळावं आणि लाटेने ढकललं तरी तिथेच टिकून राहावं, असं तिचं काम. तिला त्यांनी नाव दिलं सर्व्हो-मोटर. पुढे १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर चालणारी बोट लोकांसमोर चालवून दाखवली, तिच्यातही सुकाणूसाठी वेगळी मोटर होती.

आपल्या मॉडेल बोटीतला बोटभर सर्व्होही हेच करतो: सांगितलेल्या कोनावर जातो आणि पाण्याने कितीही ढकललं तरी तिथे टिकतो. म्हणून निवडीची सुरुवात सर्व्होच्या खोक्यावरच्या आकड्यांपासून करू नये. सुकाणूपासून करावी. पाणी त्याला किती जोराने ढकलणार आहे, हे कळलं की निम्मा निर्णय झाला. उरलेला निम्मा वीज, पाणी आणि जोडणीचा. माझ्या अनुभवात बोटीतले सर्व्हो ताकद कमी पडून क्वचितच जातात. या तीन गोष्टींनीच ते बहुतेक वेळा जातात.

सुकाणू आणि वेग मोजा

पट्टी घ्या आणि सुकाणूच्या पात्याचा पाण्याखाली राहणारा भाग मोजा. रुंदी, म्हणजे पुढून मागे, आणि उंची, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. गुणाकार केला की क्षेत्रफळ आलं. मग सुकाणू ज्याभोवती फिरतं तो दांडा पात्यात नेमका कुठून जातो ते पाहा: अगदी पुढच्या कडेला आहे, की त्याच्या पुढेही पात्याचा थोडा भाग आहे? पुढे ते महत्त्वाचं ठरेल.

आता वेग. किनाऱ्यावर दोन खुणा करून त्यांच्यामधला वेळ मोजला तरी पुरे, छोटा जीपीएस बोटीत ठेवला तर आणखी चांगलं. वेग मीटर प्रतिसेकंद धरायचा. एक बारकावा लक्षात ठेवा. टगबोट किंवा मालवाहू जहाजासारख्या सावकाश मॉडेलमध्ये सुकाणू प्रोपेलरच्या मागे असतं आणि तिथलं पाणी बोटीपेक्षा जोरात वाहतं. अशा बोटीसाठी बोटीच्या वेगाची दीडपट धरावी.

मग हा सोपा हिशोब करा. वेगाचा वर्ग गुणिले क्षेत्रफळ भागिले २००. उत्तर किलोमध्ये येतं. सुकाणू पुरतं वळलेलं असताना पाणी त्याला साधारण इतक्या जोराने ढकलतं. पाण्याच्या घनतेतून येणारं हे सूत्र वहीतल्या अंदाजासाठी पुरेसं आहे.

पण सर्व्होला नुसता जोर झेलायचा नसतो, पिळा झेलायचा असतो. म्हणजे तो जोर दांड्यापासून किती अंतरावर लागतो हेही हवं. दांडा पुढच्या कडेला असलेल्या साध्या सुकाणूत, पूर्ण वळणावर, हे अंतर रुंदीच्या सुमारे ४० टक्के धरा. जोर गुणिले अंतर केलं की मिळतो टॉर्क, किलो-सेंटिमीटरमध्ये. सर्व्होच्या खोक्यावरही हेच एकक छापलेलं असतं. ३ किलो-सेंमी म्हणजे सर्व्होच्या मध्यापासून १ सेंटिमीटरवर ३ किलोचा भार त्याला पेलतो.

दोन बोटींचा हिशोब शेजारी मांडू.

पहिली टगबोट. वेग सेकंदाला १ मीटर, म्हणून सुकाणूपाशी पाणी दीड मीटरने वाहतं असं धरू. पातं ५ सेंमी रुंद, ६ सेंमी उंच, क्षेत्रफळ ३० चौरस सेंमी. २.२५ गुणिले ३० भागिले २०० म्हणजे सुमारे ०.३४ किलो. अंतर २ सेंमी. टॉर्क सुमारे ०.७ किलो-सेंमी. एवढंच! नेहमीच्या आकाराचा साधा सर्व्हो ४.८ व्होल्टवर ३ किलो-सेंमीच्या आसपास देतो, म्हणजे गरजेच्या चौपट.

दुसरी वेगवान इलेक्ट्रिक बोट. सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. पातं लहानसं, २ सेंमी रुंद आणि पाण्यात ५ सेंमी, क्षेत्रफळ १० चौरस सेंमी. २२५ गुणिले १० भागिले २०० केले की ११ किलोंहून जास्त येतात. या वेगात सुकाणू कधीच पुरतं वळवत नाहीत आणि पात्याच्या मागे हवाही ओढली जाते, म्हणून निम्मं धरू: साडेपाच किलो. अंतर ०.८ सेंमी. टॉर्क सुमारे साडेचार किलो-सेंमी.

पातं तिसऱ्या हिश्शाचं, पण टॉर्क सहापटीहून जास्त. वेग दुप्पट झाला की भार चौपट होतो. बोट केवढी मोठी आहे यावरून सर्व्हो निवडणारे इथेच फसतात. दीड मीटर लांबीच्या डौलदार जहाजाला छोटा सर्व्हो पुरतो, तर हातभर लांबीच्या वेगवान बोटीला दणकट सर्व्हो लागतो.

पात्याचा काही भाग दांड्याच्या पुढे असेल तर त्याला समतोल सुकाणू म्हणतात. पुढच्या भागावर पडणारं पाणी सर्व्होला मदत करतं. पात्याचा पाचवा हिस्सा पुढे असेल तर टॉर्क जवळपास निम्म्यावर येतो. चौथ्या हिश्शापेक्षा जास्त मात्र पुढे घेऊ नका. लहान कोनात पाण्याचा जोर पात्याच्या पुढच्या चौथ्या भागाजवळ एकवटतो, त्यामुळे सुकाणू आपणहून वळू पाहतं आणि बोट सरळ धरायला त्रास होतो.

टगबोटी आणि मासेमारी नौका मागेही बऱ्याच चालतात. मागे जाताना पाणी पात्याच्या उलट्या कडेवर येतं, जोर दांड्यापासून दूर लागतो आणि सुकाणू एका बाजूला पुरतं फेकलं जातं. वेग कमी असल्याने आकडा फार मोठा होत नाही, पण साधं सुकाणू असेल तर हिशोबात थोडी जागा ठेवा. प्रोपेलरभोवतीचं वळणारं नळकांडं, म्हणजे कोर्ट नोझल, वापरत असाल तर साध्या पात्यापेक्षा बराच जास्त टॉर्क धरा. तिथे सगळा झोतच वळवायचा असतो.

खोक्यावरचा आकडा कसा वाचायचा

खोक्यावर लिहिलेला टॉर्क म्हणजे सर्व्हो अडून थांबतो तेव्हाचा. त्या क्षणी तो सर्वाधिक वीज पितो आणि तापतो. रोजच्या कामाला त्यातला एक तृतीयांश ते निम्मा भागच वापरायचा. म्हणून तुमच्या हिशोबाला किमान दोनने गुणा, शक्य असेल तर तीनने. टगबोटीला दीड-दोन, वेगवान बोटीला नऊ ते चौदा किलो-सेंमी. खरेदी करताना एवढाच आकडा मनात हवा.

तो आकडा कोणत्या व्होल्टेजवरचा, हेही पाहा. फुताबाच्या जुन्या ओळखीच्या एस-३००३ सर्व्होचा टॉर्क ४.८ व्होल्टवर ३.२ किलो-सेंमी आहे, ६ व्होल्टवर ४.१. जाहिरातीत बहुधा मोठा आकडा छापतात. तुमच्या बोटीत ५ व्होल्टच येत असतील तर ७.४ किंवा ८.४ व्होल्टवरच्या टॉर्कचा काही उपयोग नाही. उलटही खरं: जास्त व्होल्टेजसाठी न बनवलेल्या सर्व्होला थेट दोन सेलची लिथियम बॅटरी जोडली की तिचे पूर्ण चार्ज असतानाचे ८.४ व्होल्ट त्याला जाळून टाकू शकतात.

दुसरा आकडा गतीचा: ६० अंश फिरायला किती सेकंद लागतात. प्रतिकृती जहाजांना ०.२ सेकंद भरपूर. खऱ्या जहाजाचं सुकाणू सावकाश वळतं, त्यामुळे संथ सर्व्हो मॉडेलमध्ये जास्त शोभतो. वेगवान बोटीचं गणित वेगळं. सेकंदाला १५ मीटर जाणारी बोट ०.२ सेकंदात ३ मीटर पुढे गेलेली असते. तिथे ०.१५ किंवा त्याहून कमी असावं. ०.०८ सारख्या आकड्यांच्या मागे मात्र धावू नका. एवढी चपळाई हातांना वापरताही येत नाही आणि वीज मात्र भरपूर खाते.

आकार, गिअर आणि बाकीचं

सुमारे ९ ग्रॅमचे मायक्रो, मधले मिनी आणि सुमारे ४० बाय २० मिलिमीटरचे स्टँडर्ड असे आकार बाजारात दिसतात. जागा आणि वजन परवडत असेल तर मी नेहमी स्टँडर्ड घेतो. त्याचे दाते जाड असतात, बेअरिंग मोठं असतं आणि बदली सहज मिळतो. मायक्रो सर्व्हो लहान शिडाच्या बोटींत आणि अर्ध्या मीटरच्या आतल्या मॉडेलमध्ये शोभतो, पण सुकाणू झाडाच्या मुळाला आपटलं की त्याचे प्लॅस्टिकचे दाते आधी जातात.

म्हणून गिअरचा विचार हिशोबातल्या टॉर्कपेक्षा धक्क्यांवरून करा. फक्त खोल, मोकळ्या तळ्यात सावकाश चालवणार असाल तर नायलॉनचे दाते चांगले, हलके, आवाजही कमी. उथळ पाणी, दगड, दुसऱ्या बोटींशी स्पर्धा, किंवा वेग असेल तर धातूचे घ्या. धातूचे दाते झिजतात, काही वर्षांनी थोडी ढिलाई येते, पण एका फटक्यात तुटत नाहीत. बाहेर येणाऱ्या दांड्याला बॉल बेअरिंग असलेला सर्व्हो थोडा महाग पडला तरी घ्या. पुशरॉडचा, म्हणजे सर्व्हो आणि सुकाणू जोडणाऱ्या काडीचा, ओढा नेहमी एका बाजूने असतो आणि साध्या छिद्रातला दांडा हळूहळू कलतो.

अ‍ॅनालॉग की डिजिटल, यावर फार वाद घालू नये. डिजिटल सर्व्हो जागेवर घट्ट धरतो आणि लहान बदलाला लगेच हलतो, पण वीज जास्त घेतो आणि उभा असतानाही गुणगुणतो. वेगवान बोटीला डिजिटल, बाकीच्यांना अ‍ॅनालॉग.

हॉर्नचे, म्हणजे सर्व्होच्या दांड्यावर बसणाऱ्या भुजेचे, दाते मात्र पाहून घ्या. सर्व्होच्या दांड्यावर फुताबा पद्धतीत २५, स्टँडर्ड हायटेकमध्ये २४ आणि जेआर पद्धतीत २३ दाते असतात. एकाचा हॉर्न दुसऱ्यावर दाबून बसवला तर बसल्यासारखा वाटतो आणि भर पाण्यात घसरतो.

वीज: जिथे बोटी खरोखर हरवतात

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण माझी एक गस्ती बोट याच कारणाने तळ्याच्या मधोमध अडकली होती. हिशोबाने तिला ३ किलो-सेंमी पुरेसे होते. मी मात्र धातूच्या दात्यांचा, २० किलो-सेंमीच्या पुढचा डिजिटल सर्व्हो बसवला. जास्त असला तर बिघडतं काय, असा विचार होता. पूर्ण वळण घेतलं की बोट थबकायची, एक-दोन सेकंदांनी पुन्हा चालायची. मी हातातल्या ट्रान्समीटरला दोष देत राहिलो. खरं कारण एवढंच होतं की तो ताकदवान सर्व्हो सुरू होताना जितकी वीज ओढायचा तितकी स्पीड कंट्रोलरमधून, म्हणजे मोटरचा वेग आवरणाऱ्या सर्किटमधून, येतच नव्हती. व्होल्टेज कोसळायचं आणि ट्रान्समीटरचे आदेश झेलणारा रिसीव्हर बंद होऊन नव्याने सुरू व्हायचा.

स्पीड कंट्रोलरच्या आत बीईसी नावाचा भाग असतो, जो मोटरच्या बॅटरीतून रिसीव्हरला ५ किंवा ६ व्होल्ट देतो. त्याची क्षमता वेगवेगळी असते. लहान कंट्रोलरमध्ये १ अँपिअर, बऱ्याचशांत २ किंवा ३. साधा स्टँडर्ड सर्व्हो अडून थांबला तर साधारण १ अँपिअर घेतो, ताकदवान डिजिटल सर्व्हो २ ते ३ किंवा त्याहूनही जास्त. म्हणून सर्व्हो घेताना त्याचा अडकल्यावरचा करंट वाचा, रिसीव्हर आणि बाकीच्या उपकरणांसाठी अर्धा अँपिअर वाढवा, आणि बीईसी त्याहून मोठा आहे ना ते पाहा. नसेल तर दोन मार्ग: लहान सर्व्हो, किंवा वेगळा बीईसी. वेगळा बीईसी लावला तर स्पीड कंट्रोलरच्या प्लगमधली लाल तार काढून, उघडं टोक टेपने झाका.

बीईसी दोन जातींचे असतात, हेही जाणून घ्या. लिनिअर बीईसी जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून उडवतो. तीन सेलच्या ११.१ व्होल्ट बॅटरीवरून ५ व्होल्ट करायचे आणि १ अँपिअर द्यायचा, तर ६ वॉटहून जास्त उष्णता त्या नखाएवढ्या तुकड्यात तयार होते. बंद डेकखाली ती जाणार कुठे? तीन सेलच्या पुढे स्विचिंग बीईसीच वापरावा.

दोन मोटर आणि दोन स्पीड कंट्रोलर असलेल्या बोटीत दोन्ही बीईसी एकाच रिसीव्हरला जोडू नका. एकाची लाल तार काढून ठेवा. तसंच ब्रशच्या मोटरवर ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर लावा: दोन्ही टोकांपासून मोटरच्या धातूच्या आवरणाला एकेक आणि टोकांच्या मधे एक. सर्व्हो विनाकारण थरथरतो तेव्हा दोष बहुतेक वेळा या मोटरच्या ठिणग्यांचा असतो. सर्व्होची तार मोटरच्या जाड तारांपासून दूर ठेवल्यानेही फरक पडतो.

पाणी

‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं पाहून समाधान मानू नका, त्यापुढचं मानांकन वाचा. आयपी ६७ मधला शेवटचा ७ सांगतो की वस्तू १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं बुडवून तपासली आहे. जोराच्या फवाऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि वेगवान बोटीच्या आत शिरलेलं पाणी सर्व्होवर आदळतंच. शिवाय ही चाचणी गोड्या पाण्यातली. खारं पाणी सील ओलांडून आत गेलं की सर्किटचं तांबं काही दिवसांत हिरवं पडतं.

कोरड्या, बंद कप्प्यात सर्व्हो बसणार असेल तर वॉटरप्रूफ नसला तरी चालतो. तो तळाला न टेकवता थोडा वर बसवा, म्हणजे साचलेलं पाणी त्याला लागणार नाही. पुशरॉड कप्प्यातून बाहेर जातो तिथे रबरी बेलो (घडीदार नळी) बसवा, आणि सुकाणूच्या दांड्याची नळी पाण्याच्या पातळीच्या वर संपेल इतकी उंच घ्या. कप्पा उघडाच असेल तर वॉटरप्रूफ सर्व्हो घ्या आणि वरच्या दांड्याभोवती थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि झाकण उघडं ठेवून रात्रभर वाळू द्या. झाकण लावलेल्या बोटीत आतल्या आत जमणारं दव सावकाश पण नक्की सर्व्हो मारतं.

जोडणी: भूमितीने मिळणारी फुकटची ताकद

सर्व्हो मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश फिरतो. सुकाणूला बहुतेक बोटींत ३५ अंश पुरतात. त्यापुढे पाण्याची धार पात्यावरून सुटते आणि सुकाणू वळवण्याऐवजी ब्रेक लावतं. मग सर्व्होचे जास्तीचे १० अंश ताकदीत बदलून घ्या. सर्व्होच्या हॉर्नवर पुशरॉड मध्यापासून १० मिलिमीटरवर जोडला, तर सुकाणूच्या टिलरवर, म्हणजे त्याच्या दांड्यावरच्या भुजेवर, तो सुमारे १२.३ मिलिमीटरवर जोडा. सर्व्हो ४५ फिरला की सुकाणू बरोबर ३५ फिरेल, आणि सगळ्यात जास्त भार असतो त्या पूर्ण वळणावर सर्व्होचा टॉर्क सुमारे १.४ पट होऊन सुकाणूला मिळेल. बरेच जण याच्या उलट करतात: टिलरवर आतलं छिद्र घेतात, सुकाणू जास्त फिरतं म्हणून ट्रान्समीटरमध्ये हालचाल अर्ध्यावर आणतात. मग सर्व्होची निम्मी ताकद आणि निम्मा बारकावा वाया जातो.

दोन्ही बाजूंच्या भुजा जागा असेल तितक्या लांब ठेवा. क्लेव्हिसमध्ये, म्हणजे पुशरॉडच्या टोकाच्या चिमट्यात, ०.३ मिलिमीटर ढिलाई असेल तर १० मिलिमीटरच्या भुजेवर सुकाणू १.७ अंश डुलतं, २० मिलिमीटरच्या भुजेवर त्याच्या निम्मं. सरळ जाताना बोट नागमोडी जात असेल तर सर्व्होला दोष देण्याआधी सुकाणूचं पातं बोटांत धरून हलवून पाहा.

दोन सुकाणूंच्या बोटीत दोन्ही टिलर एका आडव्या रॉडने जोडून एकच सर्व्हो वापरावा. हिशोब दोन्ही पात्यांचा मिळून करा. शिडाच्या बोटीत सुकाणूचा सर्व्हो आणि शीड ओढणारा सर्व्हो यांची गल्लत नको. शिडाला कितीतरी जास्त ताकद लागते, सुकाणूला नाही. इंटरनॅशनल वन मीटर या शर्यतींच्या वर्गात तर रेडिओचे दोनच चॅनल चालतात, एक शिडाला आणि एक सुकाणूला. तिथे सुकाणूला हलका, पण ढिलाई नसलेला मिनी सर्व्हो उत्तम.

बसवणं आणि तपासणं

हॉर्न लावण्याआधी सर्व्होला वीज द्या, ट्रान्समीटरचा ट्रिम, म्हणजे मध्य थोडा सरकवण्याची सोय, शून्यावर आणा आणि सर्व्हो मध्यावर आला की मगच हॉर्न पुशरॉडला काटकोनात बसवा. दात्यांमुळे काटकोन नेमका जमला नाही तर राहिलेला फरक सब-ट्रिमने काढा. सर्व्हो गोंदाने चिकटवू नका. लाकडी पट्ट्यांवर किंवा कंसावर स्क्रूने बसवा, कारण एक दिवस तो काढावा लागणारच. पेट्रोल इंजिनाच्या बोटीत सोबत आलेले रबरी ग्रोमेट वापरा. इलेक्ट्रिक बोटीत घट्ट बसवला तरी चालतो.

मग ट्रान्समीटरची काठी पुरती एका बाजूला ओढा आणि ऐका. सर्व्हो कण्हत असेल तर सुकाणू किंवा टिलर कुठेतरी अडतंय. ट्रान्समीटरमध्ये त्या बाजूची मर्यादा कमी करत जा, आवाज थांबेपर्यंत. दुसऱ्या बाजूचंही तसंच. हे न करता बोट पाण्यात सोडली तर सर्व्हो प्रत्येक वळणावर अडकल्यावरचा करंट ओढत राहतो.

शेवटी टेबलावर भार देऊन पाहा. साधा स्प्रिंगचा काटा घ्या, तो पात्याला दांड्यापासून हिशोबातल्या अंतरावर अडकवा आणि हिशोबात आला तितका जोर द्या. टगबोटीला ३५० ग्रॅम, वेगवान बोटीला साडेपाच किलो. काठी डावी-उजवी वीसेक वेळा हलवा. सुकाणू मागे पडत नसेल, रिसीव्हरचा दिवा लुकलुकत नसेल आणि सर्व्हो व बीईसी दोन्हींवर बोट ठेवता येत असेल, तर बोट पाण्यावर न्या. पहिल्या दिवशी किनाऱ्याजवळ, पूर्ण वेगाने पाच मिनिटं चालवा, लगेच झाकण उघडा आणि सर्व्हो पुन्हा हाताला किती गरम लागतो ते पाहा.